मराठवाड्याचा पाऊस, धरणं, बाजारभाव: खुल्या आकड्यांचं संकेतस्थळ कसं असावं?

नाथसागरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आम्ही चार-पाच जण, कुणी नोकरदार तर कुणी अजून कॉलेजात, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची आणि ७६ तालुक्यांची आकडेवारी एका जागी आणणारं संकेतस्थळ करतोय. सुरुवातीला तीनच गोष्टी घेतल्यात: महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) पाऊस, धरणांतला साठा आणि बाजार समित्यांमधले भाव. यातलं काहीच गुप्त नाही, सगळं रोज कुठे ना कुठे जाहीर होतंच. पण ते असतं पीडीएफमध्ये, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्याच्या फोटोत. गेल्या महिन्यातला आकडा शोधायला गेलं की त्या जागी आजचा तक्ता बसलेला असतो आणि जुना गायब.

आकडे गोळा करायचं काम मार्गी लागलंय, अडलंय पहिल्या पानावर. दोघांना मोठा नकाशा हवाय: तालुक्यांना रंग द्यायचे, बोट ठेवलं की आकडा उघडायचा. एकाला वर चार ठळक आकडे आणि खाली आलेख हवेत. माझं मत की आधी शोधाची पेटी असावी, बाकी सगळं तिच्या खाली. तुम्ही असं पान उघडलंत तर नेमकं काय बघायला याल, ते सांगा. फाइल कुणालाही फुकट उतरवता येईल आणि त्यासाठी खातं काढावं लागणार नाही, एवढं मात्र ठरलंय.

---

आडत_लातूर

भाऊ, नकाशा राहू द्या. सकाळी मोबाइल उघडला की मला एकच बघायचं असतंय, सोयाबीन काय चाललंय. लातूरला काय, उदगीरला काय. पानावर ते चाक गोल गोल फिरू लागलं की मी बंद करून उदगीरच्या पाहुण्याला फोन लावतो, लवकर कळतंय.

दुसरी गोष्ट. भावाचे तीन आकडे असतेत, किमान, कमाल अन् सर्वसाधारण. लोकं कमाल बघून माल भरून आणतेत अन् मग आमच्याशी भांडत बसतेत. कमाल दर एखाद्या चांगल्या ढिगाला लागलेला असतोय. किमान म्हणजे भिजका, डागी माल. तवा मोठं अक्षर सर्वसाधारण दराला द्या अन् आवक त्याच्या शेजारीच लावा. चाळीस क्विंटल आवकेवरचा भाव अन् दहा हजार क्विंटल आवकेवरचा भाव एकाच रांगेत, एकाच अक्षरात छापला तर बघणाऱ्याला काय कळायलंय? चाळीस क्विंटलवाला भाव मी तर भाव धरतच नाही.

---

परभणीचा_वार्ताहर

आडतभाऊंना +१. नकाशा मलाही नको. म्हणजे असू द्या, पण आत कुठेतरी.

पावसाळ्यात रोज सकाळी मला हवी असते एकच यादी: काल कोणत्या महसूल मंडळात ६५ मि.मी.च्या वर पाऊस झाला. अतिवृष्टीची रेघ तिथे आहे, पंचनामे आणि मदत यांची चर्चा त्या रेघेवरून सुरू होते. जिल्ह्याची सरासरी मला बातमीला उपयोगाची नाही. ही यादी मजकूर म्हणून उचलता आली पाहिजे. चित्र करून टाकलंत तर मला परत टंकावं लागेल, आणि टंकताना ६८ चे ८६ व्हायला वेळ लागत नाही.

तारखेचा घोळ आधीच मिटवा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १२ तारखेला सकाळी मोजलेला पाऊस बहुतेक ११ तारखेला दुपारी-रात्री पडलेला असतो, पण तक्त्यावर तारीख १२ असते. मग वाचकाचा फोन येतो, अहो १२ ला तर कडक ऊन होतं! म्हणून आकड्याच्या डोक्यावर '११ तारीख सकाळी ८:३० ते १२ तारीख सकाळी ८:३०' असं पूर्ण लिहा. जागा जाते, जाऊ द्या.

आणि प्रत्येक दिवसाच्या पानाला स्वतःचा कायमचा पत्ता हवा. बातमीत दुवा दिला आणि दोन महिन्यांनी तिथे भलतंच पान उघडलं, तर तो दुवा देऊन काय उपयोग?

---

निवृत्त_अव्वल_कारकून

मी या पर्जन्यमानाच्या तक्त्यांवर बरीच वर्षं काम केलं आहे. नकाशा की आलेख यात मला गती नाही, पण एक सांगतो. शून्य आणि कोरं यांत फरक ठेवा.

मंडळातला पाऊस मोजला आणि पडला नव्हता, तर तो शून्य. पर्जन्यमापक बिघडला, स्वयंचलित केंद्राचा संपर्क तुटला, नोंद आलीच नाही, तर ते कोरं. पण तक्ता वर पाठवायची घाई असते. कोरी चौकट बघून साहेब विचारतात, म्हणून कुणीतरी शून्य भरून टाकतो. एकदा शून्य भरलं की ते खरं शून्य होतं की भरलेलं, हे पुढे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

हिशोब बघा. तालुक्यात सहा मंडळं आहेत. पाच ठिकाणी ३० मि.मी. पाऊस झाला आणि सहाव्याची नोंद नाही. कोऱ्याला शून्य धरलं तर सरासरी २५, सोडून दिलं तर ३०. हे एका दिवसाचं. चार महिने असंच चाललं तर तालुका कागदावर कोरडा पडतो. आता उलट बाजू. एका मंडळात ९० आणि बाकी पाचांत दहा-दहा, तर तालुक्याची सरासरी येते २३. त्या एका मंडळातली सोयाबीन पाण्याखाली आहे आणि तुमचा नकाशा तालुक्याला फिकट निळा रंग देऊन मोकळा होतो.

पावसाच्या खंडाचंही तसंच आहे. पीकविम्याच्या बोलण्यात २१ दिवसांचा खंड सारखा येतो. मधल्या एका दिवसाची नोंद कोरी असेल तर खंड मोडला की चालू आहे, हे तुमच्या पानानं परस्पर ठरवू नये. 'या काळात एका दिवसाची नोंद नाही' असं लिहावं आणि थांबावं. शेतकरी तो कागद घेऊन कुणाच्या तरी टेबलासमोर उभा राहणार आहे, हे ध्यानात असू द्या.

---

नाथसागरी

काका, हे फार मोलाचं आहे. आमच्या तक्त्यात कोरं आणि शून्य वेगळं आहे, पण दाखवताना दोन्ही एकाच फिकट रंगात येत होतं. आता नोंद नसलेल्या मंडळाला रंगच देत नाही, राखाडी तिरप्या रेघा मारतोय आणि खाली कारण कळलं असेल तर तेही लिहितोय. 'नोंद नाही' आणि 'नोंद अजून यायची आहे' हेही वेगळं केलंय. सकाळी दहा वाजता अर्धी मंडळं आलेली नसतात, आणि तेव्हाचा स्क्रीनशॉट लोक दिवसभर फिरवतात.

---

बीड_ते_हिंजवडी

छान चर्चा. माझा मुद्दा नावांचा. दिसायला किरकोळ आहे, पण अशा संकेतस्थळांचं घोडं इथेच पेंड खातं.

२०११च्या जनगणनेत औरंगाबाद आणि उस्मानाबाद आहेत, २०२३ नंतरच्या तक्त्यांत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. नावावरून दोन तक्ते जोडायला गेलात की दोन जिल्हे सरळ गळून पडतात. माझ्या बीडचं तर विचारू नका. जनगणनेत रोमन लिपीतलं स्पेलिंग बी-आय-डी आहे, बाकी सगळीकडे बी-ई-ई-डी. त्यामुळे तक्ते जोडा ते संकेतांकांवरून. जनगणनेत औरंगाबाद ५१५, बीड ५२३, लातूर ५२४, उस्मानाबाद ५२५. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेचे संकेतांक वेगळे आहेत, दोन्हींचा रकाना ठेवा. नाव फक्त माणसाला वाचण्यासाठी.

गावांच्या पातळीवर गेलात तर खरी मजा. पिंपळगाव किती आहेत मोजा. बुद्रुक आणि खुर्द कुठे पूर्ण लिहिलंय, कुठे 'बु.' 'खु.', कुठे कंसात, कुठे टिंब नाही. शोधाच्या पेटीनं हे सगळं पोटात घातलं पाहिजे. माणूस 'पिपळगाव' लिहील, अनुस्वार विसरेल, रोमनमध्ये टंकेल, 'उस्मानाबाद' शोधेल. सगळ्यांना योग्य पान मिळावं. जुनं नाव लिहिलं म्हणून 'काही सापडलं नाही' असं तोंडावर फेकू नका. आणि गावाच्या नावापुढे तालुका दाखवाच, नाहीतर लोक भलत्याच पिंपळगावचा पाऊस बघून खूश होतील.

कालमालिका दाखवणार असाल तर जिल्ह्यांची जन्मतारीख बघून घ्या. जालना १९८१ला वेगळा झाला, लातूर १९८२ला, हिंगोली १९९९ला. १९९५च्या परभणीत हिंगोली आहे, २००५च्या परभणीत नाही. आलेखात परभणी एकदम 'घसरलेली' दिसते ती दुष्काळानं नव्हे. त्या वर्षावर उभी रेघ मारून तिथेच कारण लिहा. तळटीप कुणी वाचत नाही.

---

काडीमास्तर

एक शंका. हे सगळं सरकारनं करून ठेवलंय की. माहिती वाटपाचं राष्ट्रीय धोरण २०१२चं, केंद्राचं खुल्या माहितीचं संकेतस्थळ त्याच वर्षीचं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर २००५पासून सांगतंय की मागायची वाट न बघता स्वतःहून जाहीर करा. मग तुम्ही हौशी मंडळी नवं काय करणार? आणि दोन वर्षांनी तुमची लग्नं झाली, बदल्या झाल्या, की हे संकेतस्थळ बंद पडणार. तोवर लोक त्यावर विसंबून बसलेले असतील.

---

बीड_ते_हिंजवडी

मास्तर, पहिल्या अर्ध्याचं उत्तर आडतभाऊंनी आधीच दिलंय. जाहीर होणं वेगळं आणि उदगीरचा सोयाबीनचा भाव दोन टिचक्यांत दिसणं वेगळं. दुसरा अर्धा मात्र खरा आहे. त्यावर इलाज एवढाच की संकेतस्थळ मेलं तरी आकडे मरता कामा नयेत. महिन्याला एक सगळ्यांची मिळून संकुचित फाइल बनवा आणि ती दोन-तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. लोकांना उतरवून घ्यायला सांगा, अगदी आग्रहानं.

परवान्याचंही आत्ताच लिहून ठेवा. भारत सरकारचा खुल्या माहितीचा परवाना २०१७ला आलाय. त्याखाली असलेली माहिती स्रोताचा उल्लेख करून वापरता येते, व्यापारी कामालासुद्धा. व्यक्तिगत माहिती त्यात बसत नाही. त्यामुळे उद्या कुणी अनुदानाच्या लाभार्थ्यांची नावानिशी यादी आणून दिली, खाते क्रमांकासकट, तर 'जाहीरच आहे की' म्हणून चढवू नका. गावनिहाय संख्या पुरेशी आहे.

---

दलघमी

माझ्या नावावरून ओळखलं असेलच. धरणांबद्दल लिहितो.

जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी. त्यातला उपयुक्त २१७१, मृत (एरवी न वापरला जाणारा, तळाचा) ७३८. आता 'जायकवाडी ५० टक्के' म्हणजे काय? उपयुक्त साठ्याच्या निम्मं असेल तर धरणात प्रत्यक्ष १८२३ दलघमीच्या वर पाणी आहे, आणि ते एकूण क्षमतेच्या जवळपास ६३ टक्के होतं. पाणी तेच, धरण तेच, टक्के दोन. एका वाहिनीवर ५० आणि दुसरीवर ६३ ऐकून लोक म्हणतात आकडे खोटे आहेत. खोटे नसतात, कशाचे टक्के हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे नुसते टक्के कुठेही लावू नका. 'उपयुक्त साठ्याच्या इतके टक्के' असं वाक्य करा, शेजारी दलघमी आणि टीएमसी (अब्ज घनफूट) दोन्ही द्या. पेपर टीएमसीत लिहितात, जलसंपदा खातं दलघमीत. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, हा गुणाकार वाचणाऱ्यानं का करावा?

आता खरी गोम. वाईट उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपतो, मृतसाठ्यातून पाणी उचलावं लागतं आणि आकडा उणे होतो. कित्येक आलेखांची उभी रेघ शून्यावरच थांबवलेली असते. उणे आकडा आला की पट्टी दिसतच नाही, आणि धरण नुसतं 'रिकामं' आहे की मृतसाठासुद्धा खाली चाललाय, यातला फरक पुसला जातो. नेमका जेव्हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा असतो तेव्हाच आलेख आंधळा होतो. आलेख शून्याच्या खाली जाऊ द्या. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. त्या आधीच्या दोन वर्षांतला, लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा रोजचा साठा मला अशा एका आलेखावर बघायचाय, शून्याच्या रेघेसकट.

पावसाच्या 'सरासरीच्या इतके टक्के' या आकड्यालाही हाच नियम लावा. सरासरी कोणत्या वर्षांची? देशाच्या मान्सूनची सरासरी १९६१–२०१० धरली तर ८८ सें.मी., १९७१–२०२० धरली तर ८७. देशाला एक सेंटीमीटरचा फरक, पण तालुक्याच्या पातळीवर तो कुठल्या कुठे जाऊ शकतो. नाहीतर पाऊस तेवढाच पडून टक्केवारी वाढलेली दिसेल.

---

आडत_लातूर

साहेब, लातूरकराला टीएमसी बी नको अन् दलघमी बी नको. नळाला किती दिवसांनी पाणी येणार ते लिहा 😀

---

दलघमी

हा हा. ते नगरपालिका-महापालिकेच्या हातात, धरणाच्या नाही!

---

कानाने_वाचणारा

मी अंबाजोगाईला शिक्षक आहे. दिसत नाही, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) वापरतो. इथे नकाशाबद्दल इतकं बोलणं चाललंय म्हणून लिहितो.

नकाशा माझ्यासाठी एक रिकामी जागा आहे. मोबाइल म्हणतो 'चित्र' आणि पुढे जातो. त्याखाली तोच मजकूर साध्या तक्त्यात दिलात तर माझं काम झालं. तक्ता मात्र खरा हवा. रकान्यांची शीर्षकं शीर्षक म्हणूनच बांधलेली असली की मला 'गंगाखेड, पाऊस, बारा पूर्णांक चार' असं ऐकू येतं. नुसते आकडे ओळीनं मांडले की 'बारा पूर्णांक चार, शून्य, सात' एवढंच ऐकू येतं, आणि कुठला आकडा कुणाचा हे बोटं मोडत मोजावं लागतं. दोन-तीन चौकटी जोडून केलेलं सुशोभित शीर्षक हा तर छळ आहे.

'येथे क्लिक करा' असे वीस दुवे एका पानावर नकोत. मी दुव्यांची यादी ऐकत जातो. 'परभणी, जुलै महिन्याचा पाऊस, सीएसव्ही फाइल, ४० केबी' असं लिहा. याचा डोळसांनाही फायदा होतो, विशेषतः ज्यांचा डेटा पॅक संपत आलाय त्यांना.

रंगांचं माझं काही नाही, पण माझ्या एका सहकाऱ्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. त्याला तुमचे तुटीचे आणि भरपूर पावसाचे तालुके एकच वाटतील. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ची. तुम्ही सरकारी नाही, तरी वाचा. बरीच डोकेफोड वाचेल.

---

परभणीचा_वार्ताहर

सर, दुव्यावर फाइलचा आकार लिहायचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

बीड_ते_हिंजवडी

फाइलींचा विषय निघालाच आहे तर. २०१०मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी खुल्या माहितीला तारे द्यायची एक पद्धत सुचवली: खुल्या परवान्यानं नुसती टाकली, भले पीडीएफ का असेना, तर एक तारा, एक्सेलसारखी यंत्राला वाचता येईल अशी दिली तर दोन, सीएसव्हीसारख्या (स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या रूपात दिली तर तीन. चौथ्या-पाचव्या ताऱ्याच्या मागे इतक्यात लागू नका. तिसरा नीट पाळणंच अवघड आहे, आणि मराठीत जास्तच.

यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) मधली सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली की 'लातूर'च्या जागी कचरा दिसतो. फाइलीच्या सुरुवातीला 'बॉम' नावाची तीन बाइटची खूण घातली की नीट उघडते. आमच्यातले शुद्धतावादी नाकं मुरडतात, मुरडू देत. तुमची फाइल जिल्ह्याजिल्ह्यात एक्सेलमध्येच उघडली जाणार आहे.

फाइलीत आकडे इंग्रजी अंकांतच ठेवा. देवनागरी अंक पानावर सुंदर दिसतात, पण एक्सेल त्यांना मजकूर समजतं आणि बेरीज येते शून्य. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, कारण ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे हे प्रत्येकाचा संगणक आपापल्या मनानं ठरवतो. आणि कृपा करून फाइलीत मध्येच 'एकूण'ची ओळ घालू नका. कुणीतरी पूर्ण रकान्याची बेरीज मारतो आणि जिल्ह्यात दुप्पट पाऊस पाडतो.

अवांतर: जुन्या पीडीएफ उकरत असाल तर धीर धरा. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांतल्या फाइली दिसायला मराठी असतात, पण मजकूर उचलला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा बुजबुजाट हाती येतो. त्यापेक्षा हातानं टंकणं कधी कधी लवकर होतं.

---

नाथसागरी

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून पहिलं पान बदललं. वर शोधाची पेटी. तिच्याखाली तीन ओळी: आज अतिवृष्टीची मंडळं, सोयाबीन-तूर-हरभरा सर्वसाधारण दर आवकेसह, आणि धरणं. सगळं मजकुरात, त्यामुळे टूजीवरही उघडेल. नकाशा आतल्या पानावर गेला. आमचे दोघे नकाशावाले रुसलेत. मंडळनिहाय केला तर मलाही तो आवडेल, तालुकानिहाय नको. प्रत्येक आकड्याखाली स्रोत, मोजल्याची वेळ आणि आम्ही चढवल्याची वेळ. या दोन वेळा वेगळ्या ठेवायची कल्पना वार्ताहरांच्या तारखेच्या मुद्द्यावरून सुचली.

चाचणीचा दुवा व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवतोय, ज्यांना हवाय त्यांनी हात वर करा.

---

आडत_लातूर

उघडलं. उदगीर लिहिलं, आलं. चाक फिरलं नाही. पण हरभऱ्याला आवक दाखवायलंय ती कट्ट्यांत का क्विंटलमध्ये? काहीच लिहिलेलं नाही.

---

नाथसागरी

क्विंटल. लिहितो आत्ताच.

---

कानाने_वाचणारा

माझ्याकडे तक्ता नीट वाचला गेला. शोधाच्या पेटीत मात्र गावांची यादी खाली उघडते ते मला कळतच नाही, आणि एंटर दाबलं की पहिलंच गाव निवडलं जातं. त्यामुळे मी आत्ता बहुधा भलत्या पिंपळगावात आहे.

---

बीड_ते_हिंजवडी

सर, ते माझ्याकडे लागलं, दुरुस्त करतो. किती गावं सापडली ते मोबाइल बोलून सांगेल आणि तुम्ही निवडल्याशिवाय पुढे जाणार नाही.

---

निवृत्त_अव्वल_कारकून

मीही पाहिलं. 'नोंद नाही' ठळक दिसते, बरं वाटलं. एक राहिलं आहे. अलीकडे काही महसूल मंडळांचं विभाजन झालं आहे. जुन्या मंडळातली गावं नव्यात गेली. तुमच्या पानावर नव्या मंडळाला मागच्या दहा वर्षांचा पाऊस दिसतो आहे. तो कुठून आणला?

---

नाथसागरी

जुन्या मंडळाचाच लावलाय काका. आलेख मोकळा दिसत होता म्हणून.

---

निवृत्त_अव्वल_कारकून

मग काढून टाका. जुन्याचं पर्जन्यमापक जिथे होतं तिथेच असेल तर जुन्याची नोंद त्याच नावानं पुढे चालू द्या, विभाजनाच्या तारखेवर खूण करून. नव्याची नोंद त्याच्या पहिल्या मोजणीपासून सुरू करा आणि दोन्ही पानांवर एकमेकांचा दुवा द्या. कोणती गावं कुठून कुठे गेली त्याची यादी शासनाच्या अधिसूचनेत असते. माझ्याकडे आमच्या तालुक्याची प्रत आहे, स्कॅन करून धाडतो. टंकायचं काम मात्र तुमचं.